गुलाबावरचा वाळक्या पानासारखा पतंग: ओळख पटवायला मदत हवी

कुंडीतली_सकाळ | १४ ऑगस्ट, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. काल संध्याकाळी गुलाबाची वाळकी पानं खुडत होते. एका फांदीला पानाचा तुकडा चिकटलेला दिसला. चिमटीत धरायला गेले, तर तो तुकडाच उडाला आणि दोन हात पलीकडे दुसऱ्या फांदीवर जाऊन बसला. बसल्याबरोबर पुन्हा वाळकं पान! मी जागा डोळ्यांत धरून ठेवली होती म्हणून सापडला, नाहीतर सापडणं शक्यच नव्हतं.

चार फोटो देते आहे. वर्णनही लिहिते, कारण फोटोत रंग जरा जास्त लालसर आलाय.

डोक्यापासून पंखांच्या टोकापर्यंत जेमतेम १० मिलिमीटर, पट्टी शेजारी धरून मोजलं. रंग तांबूस तपकिरी. पंखांच्या मधोमध एक गडद तिरपा पट्टा, पुढच्या कडेला टोकाजवळ एक गडद डाग. वरून पाहिलं तर आकार घंटेसारखा: खांद्यापाशी एकदम रुंद होतो आणि मागे सपाट कापल्यासारखा संपतो. पंख पाठीवर कौलारू छपरासारखे मिटलेले. तोंडापुढे काहीतरी चोचीसारखं आलेलं आहे.

त्याच झाडावर शेंड्याकडची सहा-सात पानं गुंडाळलेली आहेत. एक उलगडून पाहिलं. आत पांढरे धागे, काळे बारीक दाणे आणि एक हिरवी अळी, डोकं तपकिरी. मी पान उघडताच ती वळवळत मागे मागे सरकली आणि धाग्याला लोंबकळत खाली गेली. इतकी चपळ अळी मी पहिल्यांदाच पाहिली.

ओळख सांगणाऱ्या अ‍ॅपमध्ये चारही फोटो टाकले, तर एकाच पतंगाची तीन वेगवेगळी नावं आली. म्हणून इथे विचारते आहे. हा पतंग कोणता? आणि ही अळी त्याचीच का?

---

भिंगधारी | १५ ऑगस्ट, सकाळी ७:३०

फार चांगलं वर्णन केलंत. फोटोपेक्षा तुमच्या त्या 'घंटेसारखा' शब्दाचा जास्त उपयोग झाला. वरून घंटेचा आकार, छपरासारखे पंख, पुढे आलेली चोच हे सगळं टॉर्ट्रिसिडी कुळाकडे बोट दाखवतं. पाने गुंडाळणाऱ्या पतंगांचं हे मोठं कुळ आहे, जगभरात ११,००० हून जास्त प्रजाती आहेत. चोच म्हणजे सोंड नव्हे. ते ओठांचे स्पर्शक, खवल्यांनी भरलेले.

तुमचा दुसरा प्रश्न मला पहिल्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. अळी आणि पतंग एकाच झाडावर दिसले म्हणून ते एकच, असं धरू नका. एका गुलाबावर चार जातींच्या अळ्या सुखाने राहतात, आणि पतंग तर नुसता बसायलाही आलेला असू शकतो. खात्री करायचा मार्ग एकच: अळी पाळा आणि तिच्यातून काय बाहेर येतं ते पाहा.

जमलं तर पतंगाचा बाजूने एक फोटो काढा. चोच सरळ पुढे आहे, की शिंगासारखी वर वळली आहे? वर वळलेली आणि टोकदार असेल तर जेलेकिडी कुळाचा विचार करावा लागेल. त्यांच्यातही पाने गुंडाळणारे आहेत.

---

रानवेल | १५ ऑगस्ट, सकाळी ११:०५

माझ्या जास्वंदीवर अगदी अशीच गुंडाळी असते. आत हिरवी अळी, काळे दाणे, सगळं तेच. मी पतंगही पाहिलाय: फिकट पिवळा, त्यावर तपकिरी नागमोडी रेघा. त्याचं नाव हॅरिटालोडेस डेरोगाटा. भेंडी आणि कापसावर पाने गुंडाळणारी अळी म्हणतात ती हीच. तुमचाही तोच असावा, थोडा जुना होऊन रंग उडालेला.

---

कुंडीतली_सकाळ | १५ ऑगस्ट, दुपारी १:४०

रानवेल, तुमचा पतंग किती मोठा होता? आणि बसतो कसा?

---

रानवेल | १५ ऑगस्ट, दुपारी २:१५

बोटाच्या पेरापेक्षा थोडा मोठा. बसतो पंख पसरून, त्रिकोणी. पानाला चिकटून.

---

भिंगधारी | १५ ऑगस्ट, रात्री ९:२०

रानवेल, तुमची ओळख तुमच्या जास्वंदीपुरती बरोबर आहे. पण तो पतंग क्रॅम्बिडी कुळातला. पंख पसरून साधारण ३ सेंटिमीटर भरतो. सडपातळ अंग, लांब पाय आणि बसल्यावर पंख बाजूला पसरलेले. ताईंचा पतंग पंख मिटून छपरासारखा बसतोय. रंग उडतो, खवले झडतात, पण बसायची ढब म्हातारपणी बदलत नाही. म्हणून मी रंग सगळ्यात शेवटी विचारात घेतो.

रंगावर किती विसंबावं याचं एक उदाहरण देतो. युरोपात अ‍ॅक्लेरिस क्रिस्टाना नावाचा याच कुळातला पतंग आहे. एकच प्रजाती, पण तिच्या रंगरूपांना जुन्या संग्राहकांनी शंभराहून जास्त वेगवेगळी नावं दिली होती. काळा, तांबडा, पांढऱ्या पाठीचा, पंखावर खवल्यांचा झुबका असलेला, सगळे एकच. दुसरीकडे एपिफायस पोस्टविट्टाना. मूळचा ऑस्ट्रेलियातला, आता बऱ्याच देशांत पसरलाय. त्याच्या नराचे पंख बरेचदा अर्धे फिकट अर्धे गडद, तर मादी जवळजवळ एकरंगी. शेजारी शेजारी ठेवले तर वेगळ्या जाती वाटतील. अ‍ॅपने तीन नावं दिली यात नवल नाही. ते रंग आणि नक्षी पाहतं.

पण गुंडाळी दोघांची इतकी सारखी कशी, हे रानवेल यांचं म्हणणं रास्त आहे. नुसत्या गुंडाळीवरून कुळ ठरवणं मलाही जमत नाही.

---

नवा_माळी | १६ ऑगस्ट, सकाळी ८:५०

वाचतो आहे. माझ्याकडेही गुंडाळलेली पानं आहेत पण आत अळी नाही, कोळी निघाला. म्हणजे कोळ्याने अळी खाल्ली का? आणि फवारणी कोणती करावी?

---

रानवेल | १६ ऑगस्ट, सकाळी १०:२५

खाल्लीही असेल, पण काही कोळी स्वतःच पान दुमडून आत घर करतात. आत काळे दाणे आहेत का बघा. दाणे असतील तर अळी राहून गेली. नसतील तर घर कोळ्याचंच, त्याला राहू द्या. पान नुसतंच वाकडंतिकडं, चुरगळल्यासारखं असेल आणि धागा कुठेच नसेल तर फुलकिडे किंवा मावा बघावा. एक सोंडकिडाही असतो, त्याची मादी पान कापून विडीसारखी घट्ट सुरळी करते आणि आत अंडं ठेवते. त्यातही धागा नसतो.

फवारणीचं मी माझ्या अनुभवाने सांगते. अळी गुंडाळीत असताना वरून काहीही मारा, तिच्यापर्यंत फारसं पोचत नाही. बीटी जिवाणूचं औषध तर अळीने खाल्लं तरच चालतं, आणि ही आतल्या आत खात बसते. मारायचंच तर अंड्यातून निघालेल्या बारीक अळ्यांवर, गुंडाळी होण्याआधी. चार-दोन कुंड्या असतील तर गुंडाळी बोटांनी दाबली की काम झालं. पण दाबण्याआधी एक तरी उघडून पाहा. आत पांढरा कापसासारखा छोटा कोष दिसला तर तो अळीवर जगणाऱ्या गांधीलमाशीचा असतो, तुमच्याच बाजूचा. तो तसाच ठेवा.

---

कुंडीतली_सकाळ | १९ ऑगस्ट, रात्री ११:३०

भिंगधारी म्हणाले म्हणून तीन अळ्या पाळायला घेतल्या आहेत. काचेच्या तीन बरण्या, प्रत्येकीत एक अळी आणि गुलाबाचा कोवळा शेंडा. शेंड्याचं देठ ओल्या कापसात गुंडाळलंय. पहिल्या बरणीला झाकण, बाकी दोघींना पातळ कापड रबराने बांधलं. (झाकणांपैकी एकच मिळालं.)

आज रात्री जे पाहिलं ते लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

तिसऱ्या बरणीतली अळी जुनं सुकलेलं घर सोडून नव्या पानावर आली होती. भिंग आणि विजेरी घेऊन समोर बसले. ती पानाच्या मधल्या शिरेवर उभी राहिली आणि डोकं डाव्या कडेला टेकवलं, मग उजव्या कडेला, पुन्हा डाव्या. प्रत्येक वेळी एक धागा. एका ठिकाणी वीस-पंचवीस फेऱ्या झाल्या की अंगभर पुढे सरकायची आणि पुन्हा तेच. पहिली दहा मिनिटं पान जसंच्या तसं. मग बघता बघता कडा उठायला लागल्या. तिने पान ओढलं नाही, पायांनी वाकवलं नाही, नुसते धागे बांधत राहिली आणि पान आपलं आपण मिटत गेलं.

आणखी एक. पुढचे धागे ताठ झाले की मागचे, आधी बांधलेले, सैल पडून लोंबायला लागले. ते का?

पावणेदोन तासांत नळी तयार झाली. मग आत शिरून ती मागे फिरली आणि नळीच्या तोंडातून एक काळा दाणा टपकन बाहेर उडाला. बरणीच्या काचेवर आपटलेला ऐकू आला! माझ्या कानाला तरी आला.

---

भिंगधारी | २० ऑगस्ट, सकाळी ६:५५

सकाळी उठल्या उठल्या वाचलं. सुरेख टिपलंत.

धाग्याचं असं आहे. अळी धागा काढताना तो ताणून बांधते. ताणलेला रेशमी धागा मग आखडतो आणि पानाच्या दोन्ही कडा एकमेकींकडे ओढतो. एका धाग्याची ओढ नगण्य, पण वीस-पंचवीस मिळून पान वाकतं. पान थोडं वाकलं की कडांमधलं अंतर कमी होतं. मग नवे धागे आखूड लागतात आणि सगळा ताण त्यांच्यावर येतो. जुने आता गरजेपेक्षा लांब झालेले असतात, म्हणून ते लोंबतात. तुम्ही पाहिलेले सैल धागे म्हणजे पान आधी किती उघडं होतं त्याची खूण.

दाणा उडाला त्याचंही कारण आहे. या कुळातल्या पुष्कळ अळ्यांच्या शेवटी, गुदद्वाराच्या वर, एक कंगव्यासारखा काटेरी अवयव असतो. त्याने ती विष्ठा लांब भिरकावते, घर स्वच्छ राहतं.

आता एक काम सांगतो, डोळे शिणतील पण कुळाचा निकाल जवळ येईल. अळीच्या डोक्यामागे पहिल्या वलयावर बाजूला श्वसनछिद्र दिसेल, गोल ठिपका. त्याच्या पुढे, डोक्याच्या बाजूला, एका छोट्या उंचवट्यावर केस असतात. ते मोजा. तीन असतील तर टॉर्ट्रिसिडीशी जुळतं. रानवेल यांच्या क्रॅम्बिडीत तिथे दोनच असतात.

पहिल्या बरणीचं झाकण मात्र काढा. आत वाफ धरेल.

---

कुंडीतली_सकाळ | २२ ऑगस्ट, रात्री ८:१०

वाफ धरलीच. झाकण काढायला मी एक दिवस उशीर केला. पहिली अळी काचेवरच्या थेंबांत मऊ, काळी पडलेली सापडली. फार वाईट वाटलं, चूक सर्वस्वी माझी. पाळणाऱ्यांनी हे वाचून ठेवा: कापड बांधा, झाकण नको, आणि विष्ठा रोज झाडून काढा.

तिसरीचे केस मोजले. मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे भिंग धरून सतरा फोटो काढले, त्यातला एक स्पष्ट आला. तीन आहेत. तिन्ही एका ओळीत नाहीत, पण तीनच. फोटो जोडला आहे, कुणीतरी पुन्हा मोजा.

---

रानवेल | २२ ऑगस्ट, रात्री ९:००

मीही मोजले. तीन. माझ्या जास्वंदीवर आता उद्या भिंग घेऊन जाते.

---

अक्षरवेडी | २३ ऑगस्ट, दुपारी ४:२०

कीटकांतलं मला फार कळत नाही, पण नावांमुळे या धाग्यात अडकले. टॉर्ट्रिक्स हा लॅटिन शब्द पिळणारी, वळवणारी अशा अर्थाचा. कुळाचं नाव त्यावरून आलं. अळीचं काम पाहता यापेक्षा नेमकं नाव सुचलं नसतं.

आणि शेपटाकडे पाहा: पोस्टविट्टाना, क्रिस्टाना. लिनियसने १७५८ मध्ये पतंगांची नावं ठेवताना गटागणिक शेवट ठरवून घेतला होता. पाने गुंडाळणाऱ्यांना 'आना', कसरीसारख्या बारीक पतंगांना 'एला', आणि रानवेल यांच्या पतंगाच्या भाऊबंदांना 'आलिस'. पुढच्यांनीही ती चाल बरीच पाळली. भातावरची पाने गुंडाळणारी अळी नॅफालोक्रोसिस मेडिनालिस, ती क्रॅम्बिडीतली. म्हणजे नाव वाचूनच कुळाचा अंदाज येतो.

---

भिंगधारी | २३ ऑगस्ट, संध्याकाळी ७:४५

सुंदर माहिती. फक्त अंदाजच म्हणा. सफरचंदाच्या आत शिरणारी अळी, सिडिया पोमोनेला, तिचं शेपूट 'एला' आहे, कारण लिनियसने तिला त्या गटात टाकलं होतं. आज ती टॉर्ट्रिसिडीत आहे. रानवेल यांचा डेरोगाटाही 'आलिस' नाही. कुळं बदलली, नावं तशीच राहिली.

---

कुंडीतली_सकाळ | ३० ऑगस्ट, सकाळी ९:१५

बरेच दिवस लिहिलं नाही, कारण वाट पाहण्याखेरीज काही नव्हतं.

तिसरी अळी २३ तारखेला आपल्याच नळीत कोषात गेली. कोष आधी हिरवट होता, दोन दिवसांत तपकिरी झाला.

दुसऱ्या बरणीत मात्र निराळंच घडलं. ती अळी २४ तारखेला सुस्त झाली, खाणं बंद. संध्याकाळी तिच्या कुशीतून एक पांढुरकी, बिनपायाची अळी बाहेर आली आणि तिच्या शेजारीच पांढरा कोष विणून बसली, रानवेल म्हणाल्या होत्या तसाच. आज सकाळी त्यातून काळी, लांब मिशांची गांधीलमाशी बाहेर आली. मुंगीएवढीच. कापड सोडलं, ती काठावर थोडा वेळ मिशा हलवत बसली आणि गुलाबाकडेच गेली.

त्या अळीला मी नऊ दिवस पानं घालत होते. आत कुणीतरी दुसरंच वाढत होतं हे मला बाहेरून अजिबात कळलं नाही.

---

नवा_माळी | ३० ऑगस्ट, सकाळी १०:०२

मी काल सगळ्या गुंडाळ्या न उघडता दाबून टाकल्या. आता प्रत्येक उघडून बघेन.

---

कुंडीतली_सकाळ | १ सप्टेंबर, सकाळी ६:४०

आला!

पहाटे पाचला उठून पाहिलं तर बरणीत वाळकं पान. तोच! तांबूस तपकिरी, तिरपा पट्टा, टोकाजवळ डाग. माझा पहिला पतंग बराच विटलेला होता, हा अगदी कोरा. पट्टा त्याच्यापेक्षा दुप्पट गडद, आणि पंखांवर जाळीसारख्या बारीक रेघा, ज्या पहिल्यावर दिसतच नव्हत्या.

भिंगधारी, बरणी दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवली आणि मग बाजूने फोटो काढले. चोच सरळ पुढे आहे, वर वळलेली नाही.

आणि हा शेवटचा फोटो नीट पाहा. रिकामा कोष नळीच्या तोंडातून अर्धा बाहेर आलाय. जणू कुणी आतून ढकलला. हे असंच व्हायला हवं का, की माझ्या हाताळण्याने झालं?

---

भिंगधारी | १ सप्टेंबर, सकाळी ८:३०

असंच व्हायला हवं! मी याच फोटोची वाट पाहत होतो, आधी सांगितलं नाही कारण तुम्ही स्वतः पाहावं असं वाटत होतं.

टॉर्ट्रिसिडीच्या कोषाला पोटाच्या वलयांवर पाठीच्या बाजूने बारीक काट्यांच्या ओळी असतात. पतंग निघायची वेळ आली की कोष आतल्या आत वळवळतो, काटे नळीच्या रेशमात अडकतात आणि तो इंचइंच पुढे सरकत अर्धा बाहेर येतो. मग पतंग निघतो. क्रॅम्बिडीत कोष जागेवरच राहतो, पतंग तेवढा बाहेर येतो. पतंग उडून गेल्यावर आठवड्याने जरी गुंडाळी पाहिली तरी ही खूण शाबूत असते. कोष बाहेर काढणारी दुसरी कुळंही आहेत, पण आपला वाद या दोघांतच होता, आणि तीन केस, घंटेचा आकार, सरळ चोच हे सगळं एकाच बाजूला पडलं.

आता नाव. टॉर्ट्रिसिडी कुळ, आणि पंखांची ठेवण, जाळीच्या रेघा, पट्टा आणि टोकाचा डाग पाहता आर्चिपिनी गट, इथपर्यंत मी नि:शंकपणे सही करतो. त्यापुढे प्रजातीचं नाव फोटोवरून लिहिणार नाही. या गटातल्या जवळच्या जाती वेगळ्या करायच्या तर पतंग मारून पोटाच्या टोकाशी असलेल्या जननेंद्रियांची रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. दुसरा मार्ग डीएनए बारकोडिंगचा: एका ठरावीक जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा वाचायचा आणि संग्रहाशी ताडायचा. २००३ पासून ही पद्धत रूढ होत गेली. त्याला एक पायही पुरतो.

कोष आणि अळीची कात मात्र फेकू नका. कागदाच्या पुडीत घालून वर तारीख आणि झाडाचं नाव लिहा.

---

कुंडीतली_सकाळ | १ सप्टेंबर, रात्री ९:५०

मारायचा नाही असं ठरवलं. संध्याकाळी गुलाबापाशी सोडला. पुडी केली: 'गुलाब, अळी १५ ऑगस्ट, कोष २३ ऑगस्ट, पतंग १ सप्टेंबर.' तुमच्या सल्ल्याप्रमाणे शीर्षकात 'टॉर्ट्रिसिडी, आर्चिपिनी' जोडायला संपादकांना कळवते.

---

रानवेल | ३ सप्टेंबर, दुपारी १२:३०

जास्वंदीच्या अकरा गुंडाळ्या उघडल्या. चार रिकाम्या कोषांच्या, चारही कोष पूर्ण आत, एकही बाहेर डोकावलेला नाही. दोन अळ्यांचे केस मोजता आले: दोन-दोन. म्हणजे माझा डेरोगाटा माझ्याकडेच आणि तुमचा आर्चिपिनी तुमच्याकडे. पहिल्या दिवशी मी घाईने 'तोच असावा' म्हटलं, ते मागे घेते.

---

कुंडीतली_सकाळ | ६ सप्टेंबर, सकाळी ७:२०

आज पाणी घालताना एका जुन्या, गुळगुळीत पानाच्या वरच्या बाजूला नखाएवढा हिरवट चट्टा दिसला. मेण सांडल्यासारखा वाटला म्हणून भिंग लावलं. चपटी अंडी आहेत, माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक अर्धी चढलेली. मोजायचा प्रयत्न केला, चाळीसपर्यंत गेले आणि चुकले. फोटो जोडला आहे.

पान झाडावरच ठेवलंय, फांदीला दोरा बांधून खूण केली आहे. भिंगधारी, अंडी फुटायच्या आधी आतलं डोकं काळं दिसतं का? कापड लावून चौथी बरणी तयार ठेवली आहे.